पूर्वपक्षाची क्लिप

दर दोन-चार महिन्यांनी कुठल्यातरी कॉलेजातल्या प्राध्यापकाची वीस-तीस सेकंदांची क्लिप फिरायला लागते, मग दोन दिवस फेसबुकवर दोन टोळ्या तावातावाने भांडतात, एक म्हणते असल्या मास्तराला घरी बसवा, दुसरी म्हणते वर्गात मोबाइललाच बंदी घाला, आणि तिसऱ्या दिवशी सगळे आयपीएलकडे वळतात. याच वादाचं जरा इस्त्री केलेलं रूप रविवारच्या पुरवण्यांत येतं: ऑनलाइन शिक्षण चांगलं की वाईट, खडू-फळा टिकणार की जाणार, एआय आलंय तर प्राध्यापक हवेत कशाला. हे सगळं भलत्याच ठिकाणी चाललंय असं माझं स्पष्ट मत आहे. तंत्रज्ञान चांगलं की वाईट असा प्रश्नच नाहीये. वर्गात बोललेलं वर्गाबाहेर नेता येणं, साठवून ठेवता येणं, मोजता येणं हे नवीन आहे, आणि ते नेण्याचा, साठवण्याचा, मोजण्याचा निर्णय शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला वगळून दुसरंच कोणी घेत असेल तर अकॅडेमिक फ्रीडम, म्हणजे शिकवण्या-शिकण्यातलं स्वातंत्र्य, हा शब्द फक्त कॉलेजच्या वेबसाइटवरच्या व्हिजन-मिशनमध्ये उरतो. कॅमेरा असावा की नसावा यावर रात्रभर भांडा, पण त्याचं बटण कुणाच्या हातात आहे हे आधी बघा.

वर्ग ही जागा मुळात विचित्र आहे. ती घरासारखी खासगी नाही आणि सभेसारखी जाहीर नाही. साठ-सत्तर पोरं असतात, दार अर्धवट उघडं असतं, मध्येच शिपाई नोटीस घेऊन येतो, म्हणजे गुप्त असं काही नसतं, पण तिथं बोललेलं वाक्य आधीच्या-नंतरच्या वाक्यांसकट ऐकलं जातं, ऐकणाऱ्याला सोमवारी काय झालं होतं ते माहीत असतं आणि गुरुवारी परत येऊन भांडता येतं. या अर्ध्या बंद जागेत एक काम होतं जे दुसरीकडे सहसा होत नाही, ते म्हणजे स्वतःला न पटणारा विचार पूर्ण ताकदीने मांडून बघणं. आपल्याकडच्या शास्त्रार्थात याला शिस्त होती, पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, असा मांडायचा की समोरचा म्हणाला पाहिजे, बरोब्बर, हेच मला म्हणायचं होतं, आणि मगच उत्तरपक्षाला, म्हणजे आपल्या उत्तराला, हात घालायचा. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम फाशीच्या शिक्षेच्या बाजूने अर्धा तास बोलतात आणि उरलेल्या वेळात ते सगळं उलटं करून दाखवतात. इतिहासाचे सर फाळणी शिकवताना जीनांची बाजू जीनांच्याच जोराने मांडतात, कारण तशी मांडल्याशिवाय ती का चालली हेच पोरांना कळणार नाही. समाजशास्त्रवाले मनुस्मृतीतलं तर्कट आधी तर्कट म्हणून उलगडतात आणि मग फाडतात. आता यातल्या पहिल्या अर्ध्या तासातली वीस सेकंदं कापा आणि खाली संगीत लावा. आवाज खरा, चेहरा खरा, शब्द खरे, आणि तरी क्लिप धादांत खोटी. हे एकदा लक्षात आलं की शिकवणारा काय करतो? तो पूर्वपक्ष सोडून देतो. सिलॅबसमधलं वाचून दाखवतो, पीपीटी सरकवतो, पीडीएफ ग्रुपवर टाकतो आणि घरी जातो. त्याला कोणी गप्प बसवलेलं नसतं, कुठली ऑर्डर निघालेली नसते, तक्रार करावी तर कुणाविरुद्ध? त्यामुळे हे नुकसान कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही. उलट असा तास बाहेरून बघितला तर फार शिस्तीचा वाटतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात भेदभावाच्या विषयावर बोलणं चाललेलं असताना विद्यार्थ्यांनीच शिक्षिकेचं बोलणं मोबाइलवर टिपलं, त्याचा तुकडा बाहेर आला, संघटना जाग्या झाल्या, कॉलेजवर दबाव आला आणि बाईंना रजेवर पाठवण्यात आलं. त्यांनी माफी मागायला नकार दिला म्हणून ते प्रकरण जास्त गाजलं. तेही शाहूंच्या कोल्हापुरात. त्या बरोबर बोलल्या की चूक यावर तेव्हा गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत लोकांनी मतं दिली, पण त्या तासाला आधी काय प्रश्न आला होता, कुणी विचारला होता, कुठल्या सुरात विचारला होता हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं? पूर्वी प्राध्यापकाविरुद्ध तक्रार व्हायची नाही असं नाही, व्हायची, पण तक्रार करणाऱ्याला प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन उभं राहावं लागायचं, स्वतःच्या तोंडाने काय झालं ते सांगावं लागायचं. आता तक्रार करणारा वर्गात बसलेलाच असला पाहिजे असंही उरलं नाही.

आता पूर्वपक्षाची एवढी तरफदारी केली तर समोरचा पक्ष मला नीट मांडायलाच हवा, आणि तो हलका नाहीये. एप्रिल २०२१ मध्ये आयआयटी खरगपूरमधल्या एका शिक्षिकेच्या ऑनलाइन वर्गाची क्लिप बाहेर आली. तो वर्ग अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या तयारीच्या कोर्सचा होता आणि त्यात बाई विद्यार्थ्यांना उघड शिवीगाळ करत होत्या, तक्रार करा कुणाकडे करायची ते, अशा थाटात. क्लिप फिरली आणि त्या सस्पेंड झाल्या. क्लिप नसती तर? तीस-चाळीस पोरांनी लेखी तक्रार दिली असती, कमिटी बसली असती, दोन सेमिस्टर गेले असते आणि शेवटी 'गैरसमजातून घडलेला प्रकार' असा निकाल आला असता. मी वर ज्या अर्ध्या बंद जागेचं कौतुक केलं ती जागा पिढ्यानपिढ्या कुणासाठी सुरक्षित होती हा प्रश्न दलित विद्यार्थी विचारतात, मुली विचारतात, आणि त्यांना विचारायचा पूर्ण हक्क आहे. मागच्या बाकावरच्या पोराला आडनावावरून टोमणा मारणारा मास्तर, मुलींकडे बघून 'तुमचं काय, लग्नच करायचंय' म्हणणारा मास्तर, हे सगळे बंद दारामागे वर्षानुवर्षं नांदले. अकॅडेमिक फ्रीडमच्या नावाखाली यांना पांघरूण घालायचं असेल तर ते फ्रीडम गेलेलं बरं.

पण हा मुद्दा मान्य केला की काय सिद्ध होतं? शोषण होत असेल तर विद्यार्थ्याला पुरावा जमवता आला पाहिजे, एवढंच. ते मला शंभर टक्के मान्य आहे आणि म्हणूनच वर्गात मोबाइलबंदी हा उपाय मला मूर्खपणाचा वाटतो, त्याने खरगपूरची पोरं तेवढी निःशस्त्र होतील. मात्र पुरावा जमवणं आणि प्रक्षेपण करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवी ही शिवीच राहते, पूर्ण तास ऐकला तरी. खरगपूरची क्लिप तासाभराची केली असती तर ती आणखी वाईट दिसली असती, आणि पूर्वपक्षाची क्लिप तासाभराची केली की तिच्यातला आरोपच नाहीसा होतो. ही साधी कसोटी आहे, तुकडा मोठा करत जा, आरोप वाढतोय की विरघळतोय बघा. ही कसोटी लावायला कुणीतरी पूर्ण तास ऐकणारं माणूस लागतं, तशी विश्वासाची कमिटी लागते, आणि आपल्या कॉलेजांत ती कागदावर असते, तिचे सदस्य कोण हे नोटीस बोर्डावर पिवळं पडलेलं असतं, म्हणून पोरं इन्स्टाग्रामवर जातात. चूक पोरांची नाही. पण मग दुरुस्त काय करायचं, कमिटी की वर्ग? आपण वर्ग बिघडवून ठेवतो आणि कमिटी आहे तशीच.

वर्गातलं सोडा, वर्गाबाहेरचं तर अजून सोपं झालंय. इथं मला कायम र. धों. कर्वे आठवतात. विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ पासून संततिनियमनाचं काम सुरू केलं, त्यावर लिहिलं, बोलले, आणि १९२५ मध्ये कॉलेजातली नोकरी गेली. त्यांच्या गणितात काही खोट होती का? नव्हती. कॅल्क्युलस शिकवताना ते वर्गात निरोध वाटत होते का? नाही. कॉलेजाबाहेरचं त्यांचं मत मिशनरी व्यवस्थापनाला सोसलं नाही, बस्स. पुढे १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले अंगावर घेतले, १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले तरी खटला हरले. पण कर्व्यांच्या वेळी निदान एवढं होतं की मत जाहीर करायला पुस्तक छापावं लागायचं, म्हणजे आपण काय करतोय आणि त्याची काय किंमत आहे हे माणूस ठरवून करायचा. आज व्हॉट्सअॅप स्टेटस पुरतं. ऑगस्ट २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकाने ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा अशा अर्थाचं स्टेटस ठेवलं, हातकणंगले पोलिसांत गुन्हा दाखल झाला, एप्रिल २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो रद्द करायला नकार दिला, आणि शेवटी ७ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने, न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने, गुन्हा रद्द केला. कलम ३७० रद्द करण्यावर टीका करायचा हक्क आहे, दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणं हा गुन्हा नाही, आणि पोलिसांनाच अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय ते शिकवायची वेळ आलीय असंही कोर्टाने सांगितलं. निकाल छान आहे. पण चोवीस तासांत आपोआप पुसलं जाणारं स्टेटस दीड वर्षाहून जास्त काळ माणसाच्या मानगुटीवर बसलं, आणि हे बघून स्टाफरूममधल्या बाकीच्यांनी काय ठरवलं असेल? गुड मॉर्निंगची फुलं. बरं, तुम्हाला ते स्टेटस आवडलं पाहिजे असा माझा आग्रह नाही, मला स्वतःला त्याची वेळ खटकली, पण खटकणं आणि एफआयआर यांच्यात अंतर असतं एवढं तरी पदवीधरांना कळावं.

लॉकडाउनमध्ये सगळ्यांना वाटलं की वेबिनारने जग उघडलं, तालुक्याच्या कॉलेजात बसून लंडनच्या माणसाला ऐकता येतं, भाडं नाही, व्हिसा नाही, मानधनाची कटकट नाही. खरंच उघडलं होतं. आणि जानेवारी २०२१ मध्येच केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने काय केलं, तर सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी देशाची सुरक्षा, सीमा, ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख किंवा भारताच्या अंतर्गत बाबींवर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषद घ्यायची असेल तर आधी परवानगी घ्या असं फर्मान काढलं. अंतर्गत बाब म्हणजे काय? शेती अंतर्गत बाबच आहे, जात अंतर्गत आहे, पाऊससुद्धा. देशातल्या विज्ञान अकादम्यांनी विरोध केला आणि काही आठवड्यांत ते मागे घ्यावं लागलं. त्याच वर्षी जुलैमध्ये मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागाने एका अमेरिकन विद्यापीठाबरोबर वेबिनार ठेवला, विषय होता वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या वाटेतले सांस्कृतिक आणि भाषिक अडथळे, त्यावर पोलिसांनी विद्यापीठाला पत्र पाठवलं आणि विद्यापीठाने ऐनवेळी अंग काढून घेतलं. वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या अडथळ्यांचं प्रात्यक्षिकच झालं म्हणायचं. इंग्रजांनी १९०७ मध्ये रिस्ले सर्क्युलर काढून विद्यार्थी-शिक्षकांना राजकारणापासून लांब ठेवायचा प्रयत्न केला होता, तेव्हा त्यांना सभेला कोण गेलं हे कळायला माणूस पाठवावा लागायचा. आज लिंकवर रजिस्ट्रेशन करतानाच नाव, ईमेल, मोबाइल नंबर आपण आपल्या हाताने भरून देतो. आणि परवानगी देणारं फक्त सरकारच असतं असंही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीने पॅलेस्टिनी नेत्या लैला खालेद यांना बोलावलं तेव्हा झूम कंपनीनेच तो कार्यक्रम आपल्या प्लॅटफॉर्मवर होऊ दिला नाही. विद्यापीठाची हरकत नव्हती, कंपनीची होती. त्या बाईंचा इतिहास विमान अपहरणाचा आहे, अमेरिकन कायद्याचा मुद्दाही होता, ते सगळं धरूनसुद्धा प्रश्न राहतोच की वर्गाचं दार कुणी उघडायचं हे व्हिडिओ कॉलची कंपनी ठरवणार का? सभागृहाला कुलूप लावायचं तर निदान किल्ली कुणाकडे आहे हे माहीत असायचं.

तंत्रज्ञानाच्या बाजूचा दुसरा मोठा मुद्दा पोहोचण्याचा. तो मी मनापासून मान्य करतो. २००३ मध्ये आयआयटी आणि आयआयएससीने सुरू केलेलं ऑनलाइन लेक्चर्सचं एनपीटीईएल, पुढे २०१७ मध्ये आलेलं सरकारी ऑनलाइन कोर्सेसचं स्वयम्, आणि त्याहून जास्त म्हणजे यूट्यूबवरचे शेकडो मराठी-हिंदी मास्तर, यांनी धडगाव-भामरागडच्या पोरांना जे दिलं ते आमच्या पिढीला पुण्यात राहूनही मिळालं नव्हतं. दिवसभर काम करून रात्री अकरा वाजता थर्मोडायनॅमिक्सचा तास तिसऱ्यांदा ऐकणारा मुलगा आणि चांगल्या कॉलेजात बसून पेंगणारा मुलगा यात मला कुणाची बाजू घ्यायची ते पक्कं माहीत आहे. लेक्चर मागे-पुढे करता येणं, थांबवता येणं, ही हळू शिकणाऱ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. ज्यांना यात फक्त बाजारीकरण दिसतं त्यांनी एकदा तालुक्याच्या कॉलेजातली रिकामी लॅब बघून यावी.

पण आलेलं लेक्चर शिक्षकाच्या जोडीला आलंय की शिक्षकाच्या जागी, हे कोण ठरवतं? यूजीसीने २०१६ मध्ये स्वयम्‌वरून २० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायची मुभा दिली, २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांवर नेली. मुभा म्हणून उत्तम आहे. मात्र महाराष्ट्रातल्या अनुदानित कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत हे दुसरं वाक्य पहिल्याशेजारी ठेवून वाचा, मग मुभेचा अर्थ बदलायला लागतो. अमेरिकेत हे आधी होऊन गेलंय. २०१३ मध्ये सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीच्या तत्त्वज्ञान विभागाला हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांचा न्याय या विषयावरचा गाजलेला ऑनलाइन कोर्स वापरायला सांगितलं गेलं. विभागाने नकार दिला आणि सँडेल यांनाच जाहीर पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा सँडेल वाईट शिकवतात असा नव्हताच, सँडेल अप्रतिम शिकवतात. मुद्दा असा होता की हार्वर्डची पोरं सँडेलना प्रश्न विचारणार आणि सॅन होजेची पोरं, ज्यांत कामगारांची, स्थलांतरितांची मुलं बरीच, ती दुसऱ्यांनी विचारलेले प्रश्न पडद्यावर बघणार, आणि देशभर न्याय एकाच आवाजात शिकवला जाणार. सँडेल यांनीही उत्तरात म्हटलं की दुसरीकडच्या शिक्षकांना मोडण्यासाठी आपली लेक्चर्स वापरली जावीत असं आपल्याला वाटत नाही. आपल्याकडे हा वाद का झाला नाही? आपल्याकडे तत्त्वज्ञानाचे विभागच बंद पडत आलेत, पत्र लिहायला माणूस हवा ना.

साठवलेल्या लेक्चरचं पुढचं टोक कॅनडात दिसलं. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात जानेवारी २०२१ मध्ये एका विद्यार्थ्याने कलेच्या इतिहासाच्या ऑनलाइन कोर्सला शिकवणाऱ्या प्राध्यापकांना ईमेल करावा म्हणून नाव शोधलं तर कळलं की फ्रांस्वा-मार्क गान्यों २०१९ मध्येच वारलेत. लेक्चर चालू, माणूस नाही. आवडलेल्या मुद्द्यावर सरांना सांगावं तर सर दोन वर्षांपूर्वी गेलेले. आणि आता एआयमुळे आवाजाची, चेहऱ्याची नक्कल सहज होते, म्हणजे साठवलेल्या लेक्चर्सवरून गेलेल्या सरांकडून नवीन लेक्चरसुद्धा करून घेता येईल. विनोद वाटतो, पण आपल्याकडचा कायदा काय म्हणतो बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं साधारण तत्त्व असं की नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या कृतीचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याकडे जातो. लॉकडाउनमध्ये हजारो प्राध्यापकांनी स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर, घरातल्या कपाटाला पाठ लावून लेक्चर्स रेकॉर्ड केली आणि कॉलेजच्या ड्राइव्हवर टाकली. त्यातल्या कितींनी वेगळा करार केला होता? तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं, माणसं मरत होती, पोरांचं वर्ष वाया जाऊ नये एवढंच होतं. ती लेक्चर्स आज कुठे आहेत आणि उद्या कुणाला दाखवली जाणार आहेत याचं उत्तर विचारून बघा आपल्या कॉलेजात.

तिसरा आक्षेप सगळ्यात लोकप्रिय आहे आणि तो चहाच्या टपरीवर ऐकू येतो, की सातव्या वेतन आयोगाचे पगार घेता, वर्गावर जात नाही, पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचता, तुमच्यावर कॅमेरा आणि बायोमेट्रिक नको तर काय हवं? यात तथ्य आहे. असे लोक मी जवळून बघितलेत, आणि स्वातंत्र्यावर सगळ्यात मोठी भाषणं तेच देतात हेही बघितलंय. पण यंत्राने हजेरी मोजली की शिकवणं सुधारतं या श्रद्धेचा इतिहास जुना आहे. १८६२ मध्ये इंग्लंडने शाळांना निकालावर अनुदान द्यायला सुरुवात केली, इन्स्पेक्टर येणार, वाचन-लेखन-गणित तपासणार, जितकी पोरं पास तितके पैसे. मुंबई इलाख्यातही अनुदानासाठी हीच निकालावर पैसे देण्याची पद्धत वापरली गेली. झालं काय? इंग्लंडमधल्या मास्तरांनी तीनच गोष्टी घोकून घ्यायला सुरुवात केली, उरलेलं सगळं सोडलं, पोरांनी पुस्तक उलटं धरलं तरी धडा पाठ म्हणून दाखवला अशा कहाण्या तयार झाल्या, आणि शतक संपायच्या आत ती पद्धत मोडीत काढावी लागली. मोजता येतं तेच घडायला लागतं आणि न मोजता येणारं सुकून जातं. आज आपण तेच डॅशबोर्डवर करतोय. झाड लावलं, जिओटॅग फोटो, म्हणजे जागेच्या नोंदीसकट. पाहुणा आला, जिओटॅग फोटो. विद्यार्थ्यांचा फीडबॅक गूगल फॉर्मवर, त्याचे पाय चार्ट, त्याचा अॅक्शन टेकन रिपोर्ट, त्याची पीडीएफ वेबसाइटवर, त्या पीडीएफची लिंक कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकला. मला माहीत असलेल्या एका विभागात वर्षभर एकही गंभीर चर्चासत्र झालं नाही पण एकवीस कलमी कार्यक्रमांचे फोटो अक्षांश-रेखांशासकट जागेवर आहेत. कामचुकार माणूस या व्यवस्थेत अजिबात सापडत नाही, उलट तो फॉर्म भरण्यात पटाईत असतो. सापडतो तो, ज्याने त्या वेळात पोरांबरोबर एखादं अवघड पुस्तक वाचलं आणि फोटो काढायचा राहिला.

आणि शिक्षकांना न विचारता तंत्रज्ञान आणलं की काय होतं याचं उदाहरण तर आपल्याच दारात घडलंय. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचं ठरवलं, सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, तयारी नाही, प्रशिक्षण धड नाही, प्राध्यापक सांगत होते की हे एवढ्या घाईत जमणार नाही. कुणी ऐकलं? निकाल महिनोन्‌महिने लांबले, पोरांचे परदेशातले प्रवेश लटकले, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून काढलं. आता लक्षात घ्या, पडद्यावर पेपर तपासणं ही कल्पना वाईट नाहीये, आज बऱ्याच ठिकाणी ते व्यवस्थित चालतं. ज्याला ते वापरायचंय त्याला विचारलं नाही, इथंच घोडं पेंड खातं. अकॅडेमिक फ्रीडम म्हणजे फक्त वादग्रस्त विषयांवर बोलायचं स्वातंत्र्य असं आपण समजतो, पण पेपर कसा तपासायचा, तास कसा घ्यायचा, रेकॉर्ड करायचा की नाही हे ठरवणंही त्यातच येतं, आणि रोजच्या रोज जातं ते हेच.

या सगळ्यात ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही तो म्हणजे सीएचबीवाला. तासिका तत्त्वावर शिकवणारा, नेट-सेट झालेला, बऱ्याचदा पीएचडीसुद्धा झालेला, दर वर्षी नव्याने मुलाखत देणारा, पैसे तासावर आणि तेही कधी सहा महिन्यांनी. परमनंट माणसावर क्लिपचं संकट आलं तर चौकशी होते, संघटना उभी राहते, कोर्ट असतं. सीएचबीवाल्याला काढावंच लागत नाही, पुढच्या जूनमध्ये फोन येत नाही इतकंच. त्याची कुठे बातमी होणार? आणि कॉलेजला रेकॉर्डेड लेक्चर बनवून घ्यायचं असतं तेव्हा उत्साहाने कुणाला सांगतात, तर यालाच, कारण तो नाही म्हणू शकत नाही. पुढच्या वर्षी ते लेक्चर असतं आणि तो नसतो. आपल्या घटनेत अकॅडेमिक फ्रीडम असा वेगळा शब्द नाही, जर्मनीच्या मूलभूत कायद्यात आहे, आपल्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या १९(१)(अ) वरच भागवावं लागतं. पण शब्द असता तरी ज्याची नोकरीच जूनपुरती आहे त्याला त्याचा काय उपयोग? त्यामुळे वर्गातल्या स्वातंत्र्यावर बोलणारा माणूस रिकाम्या जागा भरण्यावर बोलत नसेल तर मी त्याचं बोलणं फार मनावर घेत नाही.

मग करायचं काय, तर आकाश फाडायची गरज नाही. टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठात १९९७ मध्ये प्राध्यापकांनी दोनेक महिने संप केला आणि त्यातून जे मिळवलं त्यात एक कलम असं होतं की शिकवण्यात तंत्रज्ञान वापरायचं की नाही आणि कसं वापरायचं यावरचं नियंत्रण शिकवणाऱ्यांकडेच राहील. १९९७, म्हणजे आपल्याकडे सायबर कॅफेसुद्धा नवलाईचे होते तेव्हा. आपल्याला संपही करायला नको. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली विद्यापरिषद आहे, अभ्यास मंडळं आहेत, सिनेटवर निवडून गेलेले लोक आहेत. दोन पानांचा ठराव पुरेल. लेक्चरचं रेकॉर्डिंग शिकवणाऱ्याच्या लेखी संमतीनेच होईल, ते किती काळ ठेवायचं याची मुदत असेल, माणूस नोकरी सोडून गेला की ते वापरायला त्याला परत विचारावं लागेल आणि पैसे द्यावे लागतील. वर्गातला सीसीटीव्ही चोरी-मारामारीसाठी असेल तर त्यात आवाज नको, आणि त्यावरून कुणाच्या शिकवण्यावर कारवाई नको. विद्यार्थ्याने छळाचा पुरावा म्हणून केलेलं रेकॉर्डिंग हा गुन्हा मानला जाणार नाही, त्यावर ठराविक दिवसांत निर्णय द्यावाच लागेल आणि निर्णय देणाऱ्यांत बाहेरचं, विद्यार्थ्यांना विश्वास वाटेल असं माणूस असेल. आणि क्लिपवरून कारवाई करायची असेल तर संबंधित तासाला बसलेल्या विद्यार्थ्यांचं म्हणणं आधी ऐकायचं, मोर्चा घेऊन आलेल्यांचं नंतर.

सोडून गेलेल्या माणसाला द्यायचे पैसे सोडले तर यातल्या एकाही गोष्टीला खर्च नाही, एकही अॅप विकत घ्यावं लागत नाही. विरोध करतील ती मॅनेजमेंट, आणि आमच्यातलेच काही, ज्यांना पीडीएफ टाकून मोकळं व्हायची सवय लागलीय आणि रेकॉर्डिंगची मुदत-बिदत ठरली तर आपलाही तास कुणीतरी बघेल अशी धास्ती आहे. ठराव मांडायचा तर तो परमनंट लोकांनीच मांडायला हवा, सीएचबीवाला मांडणार नाही, त्याला जूनची काळजी आहे, आणि परमनंट लोक सध्या मागच्या पाच वर्षांचे जिओटॅग फोटो शोधण्यात गुंतलेत.